परदेशी निघालेल्याला डासांविषयी कोण सांगणार?

प्रति,
मा. अधिष्ठाता,
राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सीपीआर रुग्णालय, कोल्हापूर



कोल्हापुरात माझे औषधांचे दुकान आहे. अधूनमधून एखादा तरुण काउंटरवर येतो आणि म्हणतो, “काका, आफ्रिकेला निघालोय, मलेरियाच्या गोळ्या द्या.” कोणत्या, ते त्याला ठाऊक नसते. डॉक्टरांची चिठ्ठी नसते आणि विमान दोन-चार दिवसांवर आलेले असते. आपल्या जिल्ह्यातल्या आणि सांगलीकडच्या साखर कारखान्यांत तयार झालेले केमिस्ट, पॅनमन, इंजिनिअर युगांडा, केनिया, टांझानिया, इथिओपियातल्या कारखान्यांत नोकरीला जातात. घरचे लोक बॅगेत कांदा-लसूण मसाला, मेतकूट, छोटा कुकर आठवणीने भरतात. मच्छरदाणी त्या बॅगेत मला अजून दिसलेली नाही.

यलो फिव्हरची लस मात्र प्रत्येकाने घेतलेली असते, कारण ती विमानतळावर विचारली जाते. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच ती मिळते, टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि 2016 पासून ते जन्मभर चालते. प्रमाणपत्राशिवाय यलो फिव्हर असलेल्या देशांतून परतणाऱ्याला आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ही शिस्त योग्यच आहे. आपल्याकडे हा रोग कधी आला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. अडचण एवढीच, की प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक हातात पडले की माणसाला वाटते, आफ्रिकेतल्या सगळ्या डासांचा बंदोबस्त झाला.

मलेरियाचा कागद कुठलाही अधिकारी मागत नाही आणि माणसे दगावतात ती मलेरियाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 मध्ये जगभरात मलेरियाने सुमारे 5 लाख 97 हजार माणसे गेली, त्यांतली 95 टक्के आफ्रिकेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी मलेरियाची लस तिथल्या लहान मुलांसाठी आहे, प्रवाशांसाठी नाही. प्रवाशाला गोळ्या, मच्छरदाणी आणि अंगभर कपडे यांचाच आधार.

“आम्हाला डास काय नवीन?” हे वाक्य मी फार ऐकतो. डास नवीन नाहीत, पण फॅल्सिपेरम मलेरिया आपल्या मुलांच्या रक्ताला नवीनच आहे. तिथला कामगार लहानपणापासून पुन्हापुन्हा आजारी पडून थोडीफार प्रतिकारशक्ती कमावतो. तो गोळ्यांचा कोर्स करून पुन्हा कामाला येतो आणि आपल्या माणसाला सांगतो, इथे सगळ्यांनाच होतो. ते ऐकून आपला माणूस ताप अंगावर काढतो. त्यात कारखान्याची पाळी रात्री बारा ते आठची असली, तर मलेरियाचा ॲनोफिलिस डास चावतो तेही रात्रीच. मिल हाउसमध्ये उकाडा असतो, बाह्या दुमडलेल्या असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, उघड्या अंगाला डीईईटीचे मलम आणि झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी, हे त्याला निघण्याआधीच कुणीतरी बसवून सांगायला हवे.

गोळ्यांचेही तसेच. आठवड्याला एक क्लोरोक्विन घे, असा सल्ला अजून घरोघर मिळतो. आफ्रिकेतल्या फॅल्सिपेरमवर ती चालत नाही. डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून रोज घ्यायची आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, कारण यकृतात दडलेले जंतू नंतर रक्तात उतरतात. गरोदर बाईला, लहान मुलाला ती देत नाहीत. दोन वर्षांच्या करारावर जाणाऱ्याने काय आणि किती काळ घ्यायचे, हे मी दुकानदाराने ठरवणे बरोबर नाही.

पर्यटकांचेही बोलायला हवे. थायलंड, बाली, व्हिएतनामला जाणाऱ्या आपल्या मंडळींना धोका मुख्यतः डेंग्यूचा आणि तो डास दिवसाढवळ्या चावतो. हॉटेलच्या खोलीत रात्री कॉइल लावून तो टळत नाही. झिकाही तोच डास पसरवतो. 1947 मध्ये हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो युगांडातल्या झिका जंगलात, एन्टेबे विमानतळापासून फार लांब नाही तिथे. 2021 मध्ये तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला आणि 2023 मध्ये आपल्या इचलकरंजीत. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला त्याने इजा होते. घरात गरोदर बाई असेल, तर परतलेल्या नवऱ्यालाही तिच्या बाळंतपणापर्यंत शरीरसंबंधात जपून राहावे लागते, हे तर फारच थोड्यांना माहीत असते.

मला सर्वांत जास्त काळजी परतीची वाटते. माणूस जूनमध्ये सुट्टीवर येतो, पंधरा दिवसांनी फणफणतो. पावसाळा असल्याने डेंग्यू आणि टायफॉइडची तपासणी होते, प्लेटलेट मोजल्या जातात. आफ्रिकेतून आलोय हे तो सांगत नाही आणि गर्दीच्या दवाखान्यात विचारायचेही राहून जाते. फॅल्सिपेरम दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. पहिला रक्तनमुना निर्दोष आला तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासावा लागतो.

महोदय, मेडिसिन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनऔषधवैद्यकशास्त्र हे तिन्ही विभाग आपल्याच अखत्यारीत आहेत. आठवड्यातली एक ठरलेली दुपार परदेशी जाणाऱ्यांसाठी राखावी आणि तसा मराठी बोर्ड दर्शनी भागात लावावा. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांना, पासपोर्टसाठी लोक जातात त्या टपाल कार्यालयाला आणि ट्रॅव्हल एजंटांना त्याची माहिती द्यावी. आणि तापाच्या प्रत्येक केसपेपरवर एक ओळ छापून घ्यावी: “गेल्या तीन महिन्यांत परदेशी जाऊन आलात का? कुठे?” यासाठी ना इमारत लागते, ना नवे पद. केसपेपरची पुढची छपाई होण्याआधी एवढा निर्णय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, कोल्हापूर