नाथसागराच्या बेटांवरची अंडी कोणाची?



जायकवाडीचे नाव काढले की आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदा भांडणच आठवते. मुळा-भंडारदऱ्याचे पाणी खाली किती सोडले, आपले आवर्तन किती कापले, यावर पारावर दिवस जातो. शेवगाव-नेवाशाच्या काठावरच्या माणसाचे दुःख तर आणखी जुने. धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली, १९७६ साली त्याचे लोकार्पण झाले, आणि गोदाकाठची काळी कसदार जमीन पाण्याखाली गेली. पुढे १९८६ साली त्याच पाण्याला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले. तेव्हा तिथल्या पाखरांची बाजू घ्यायची म्हणजे चार शब्द ऐकून घ्यायची तयारी हवी. ती ठेवूनच लिहितो आहे.

मी शेतीखात्यातला माणूस, राहायला भिंगारला. पाखरांतले मला फारसे कळत नव्हते. कळायला लागले ते एका चुकीमुळे, आणि चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी मी शेवगाव भागात कामाला होतो. एप्रिल महिना. नाथसागराचे पाणी रोज मागे सरत होते. गाळपेरीत टरबुजे लावलेल्या एका शेतकऱ्याने मला बोलावले. समोर पाण्यातले एक छोटे बेट आता काठाला जोडले गेले होते, मधला गाळ वाळून कडक झाला होता. "साहेब, त्या टेकाडापर्यंत चाऱ्याची मका होईल का?" मी जाऊन माती हातात घेतली, खाली ओल होती. म्हटले, "होईल की, घाला ट्रॅक्टर."

आठवड्याने पुन्हा गेलो तर तो गप्प गप्प. टेकाडावर घेऊन गेला. वर पांढुरकी पाखरे ओरडत घिरट्या घालत होती, आणि चाकोरीत फुटलेली अंडी पडली होती. तो म्हणाला, "दिसलीच नाहीत हो. मातीसारखाच रंग." हाच माणूस आपल्या शेतात टिटवीची अंडी दिसली की औत वळवून घेतो, तेवढी जागा सोडून देतो. त्याचा यात काय दोष? सल्ला माझा होता.

ती पाखरे होती नदी सुरय. डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीधमक, शेपटी दुभंगलेली. सुरयांचे घराणे मूळ समुद्रपक्ष्यांचे. त्यातला हा भाऊबंद नद्या आणि धरणांवर राहायला आलेला. घरटे म्हणजे उघड्या जमिनीवर नुसता एक खळगा, त्यात दोन-तीन अंडी. काडी नाही, आडोसा नाही. म्हणूनच त्याला बेट लागते. चारी बाजूंनी पाणी असेल तरच कुत्रा, कोल्हा, मुंगूस आणि माणूस लांब राहतो. झाडावरच्या बगळ्याला फांदी राखते, याला फक्त पाणी राखते.

आता अडचण बघा. विणीचा काळ मार्च ते मे, आणि नेमके तेव्हाच धरण उतरते. पाणी सरले की बेटाचा काठ होतो. काठ झाला की शेळ्या-मेंढ्या येतात, मागे कुत्री येतात, पुढे आपली पाभर येते. नुसते माणूस जवळ बसला तरी नुकसान होते. चाळीस अंशाच्या उन्हात नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसे भिजवून आणून अंडी गार ठेवतात. आपण तिथे जेवायला बसलो आणि पाखरू उठले, तर तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजून निघतात. अंड्याला हातही लावावा लागत नाही.

जगभरच्या नोंदींवरून हा पक्षी आता 'असुरक्षित' गटात धरला जातो. पण थोडीशी जागा राखली तरी काय होते, याची उदाहरणे आहेत. लक्षद्वीपात कवरत्तीजवळ पिट्टी नावाचे वाळूचे बेट आहे, जेमतेम तीन एकरांचे. ना झाड ना पिण्याचे पाणी. पण तिथे समुद्री सुरय अंडी घालतात म्हणून त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. कर्नाटकात भद्रा धरणात उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या छोट्या बेटांवर नदी सुरयांची हजारोंनी वीण होते. तेही आपल्यासारखेच माणसाने बांधलेले धरण. आपल्या नाथसागराचे क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. त्यातली विणीची बेटे म्हणजे ताटातले मीठ.

कोणी म्हणेल, "ही पाखरे आमचे मासे खातात." सुरय वरच्या पाण्यातली बोटाएवढी मासळी उचलतो, शिवाय किडेही खातो. बाजाराचा कटला-रोहू त्याच्या चोचीत मावत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे. "जमीन आमची गेली, आता गाळपेरही सोडायची का?" नाही. गाळपेर हा प्रकल्पग्रस्ताचा आधार आहे आणि तो राहिला पाहिजे. पण सगळी गाळपेर सोडा असे म्हणतोय कोण? ज्या टेकाडावर पाखरे बसलेली दिसतात, तेवढेच टेकाड आणि भोवतीची पन्नास पावले. तीही कायमची नव्हे. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे, पिल्लू उडायला आणखी महिनाभर. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न आहे.

आणि जो शेतकरी अशी पट्टी सोडेल, त्याच्याकडून तेवढ्या जमिनीची आकारणी सरकारने घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पाखरे सगळ्यांची आणि तोटा एकट्याचा, हा न्याय नव्हे.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. आज पाणी जलसंपदा खात्याचे, पाखरे वन खात्याची, मासे मत्स्य खात्याचे. वाळूतली अंडी मात्र कोणाचीच नाहीत. ती गावाने आपली म्हणावीत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक साधा ठराव घ्या: आपल्या हद्दीसमोरच्या कोणत्या टेकाडांवर मार्च ते मे जनावरे, ट्रॅक्टर आणि माणसे जाणार नाहीत. जागा कोणत्या, हे मच्छीमारांना विचारा, त्यांना तोंडपाठ असतात. चार काठ्या रोवा, लाल फडके बांधा. मेंढपाळ वाड्यावर आले की पहिल्या दिवशीच सांगा. वन खात्याला ठरावाची प्रत द्या. याला फार निधी लागत नाही.

टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असे आपले म्हातारे सांगत. खरे-खोटे सोडा. पण त्या निमित्ताने ते अंडी कुठे आहेत हे बघत होते आणि औत वळवत होते. आज औताच्या जागी ट्रॅक्टर आला आणि ट्रॅक्टरवरून खालचे दिसत नाही. म्हणून आधी उतरून बघावे लागते.

मी त्या दिवशी बघितले नव्हते. तुम्ही बघा, एवढेच सांगणे.