पाच हजार रुपये आणि कलावंताची व्याख्या

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला आला. देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस. तमाशाशी ज्यांचा संबंध पुस्तकापुरता आहे (साहित्याच्या वर्गात तमाशा शिकवणाऱ्या आम्हां बहुतेकांचा तो तेवढाच असतो) त्यांच्या हा योगायोग लक्षातही आला नसेल. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावची मंडळी तिथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात, आणि त्या दीड-दोन महिन्यांच्या मिळकतीवर फडाचे वर्ष तरते. फडमालकाने दसऱ्याआधी व्याजाने पैसा काढलेला असतो. त्यातूनच कलावंतांना उचल दिलेली असते. ती सगळी फिटायची यात्रांच्या हंगामात. त्या वर्षी यात्रा भरल्या नाहीत. पुढचा पाडवा 13 एप्रिल 2021 चा. त्याच रात्री राज्यात नव्या निर्बंधांची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून ते लागू झाले. व्याज मात्र दोन्ही वर्षे चालू होते.

साथ सुरू होऊन जवळपास दीड वर्ष उलटल्यावर, 2021 च्या उत्तरार्धात, महाराष्ट्र शासनाने कलावंतांसाठी एकरकमी साहाय्य ठरवले: सुमारे 56 हजार एकल कलावंतांना प्रत्येकी 5 हजार रुपये, आणि त्याखेरीज तमाशा फड, दशावतार, झाडीपट्टी, खडीगंमत यांसारख्या कलासमूहांसाठी वेगळी तरतूद. मार्च 2020 ते ऑक्टोबर 2021 हे वीस महिने धरले तर महिन्याला अडीचशे रुपये पडतात. ही आकडेमोड करून शासनाला हिणवणे सोपे आहे आणि ते अनेकांनी केले. आम्हांला त्यात फारसा रस नाही. ज्या राज्यात त्या काळात प्राणवायू आणि खाटा पुऱ्या पडत नव्हत्या तिथे तिजोरीची ओढाताण समजून घेता येते. आमचा आक्षेप रकमेपेक्षा अर्जाबद्दल आहे. आणि तो आक्षेप, थोडे चमत्कारिक वाटेल, पण वाङ्मयीन आहे.

आम्ही भाईंदर पश्चिमेत राहतो. मुंबईच्या रंगभूमीवर पोट असलेल्या पण मुंबईत घर न परवडणाऱ्या अनेकांनी हे उपनगर जवळ केले आहे. प्रकाशयोजनेचे साहाय्यक, रंगभूषाकार, वाद्यवृंदातले वादक हे सगळे संध्याकाळच्या गाडीने दादरकडे जाणारे आणि शेवटच्या गाडीने परतणारे. त्यांच्यापैकी एक ढोलकीवादक आमच्या परिचयाचे आहेत. अर्ज भरायला ते आमच्याकडे आले, कारण मराठी शिकवणाऱ्याला सरकारी मराठीही कळत असावे असा त्यांचा समज. कलेतील कार्याचा पुरावा हवा होता. त्यांनी एका पिशवीतून तीस वर्षांची जमवाजमव काढली. वर्तमानपत्रांच्या कात्रणांत नाव होते ते नर्तिकेचे. छायाचित्रांत मध्यभागी तीच, आणि कडेला ढोलकीची वादी आणि एक हात. "हा हात माझाच आहे," ते म्हणाले. आम्हांला हसू आले, मग आलेही नाही. एका हाताच्या आधारे 'सदर व्यक्ती कलावंत आहे' असे सिद्ध कसे करावे?

हा प्रश्न त्या एका अर्जाचा नाही. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची आपल्या शासनाची योजना जुनी आहे आणि तिच्यात दीर्घकाळ कलावंतांची वर्गवारी होती: राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचे. साथीच्या वर्षांत ह्या तीन वर्गांना महिना अनुक्रमे 3150, 2700 आणि 2250 रुपये मिळत. 2024 पासून सर्वांना सरसकट 5 हजार झाले, हे चांगलेच झाले. पण त्या जुन्या वर्गवारीकडे पाहा. ती समीक्षा आहे! कोण थोर, कोण मध्यम आणि कोण जिल्ह्यापुरता, ह्याचा निवाडा कोण्या समितीने केला आणि त्या निवाड्याला रुपयांत किंमत दिली. अभिजात कोणते आणि लौकिक कोणते ह्यावर आपण चर्चासत्रे भरवतो, तेव्हा त्यातून कोणाच्या ताटातली भाकरी कमी होत नाही. इथे होते.

बर्लिन शहराने मार्च 2020 च्या अखेरीस स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एकट्या-दुकट्यांना पाच हजार युरोपर्यंत तातडीची मदत दिली, तीही अर्ज केल्यावर काही दिवसांतच. पुढे त्यातल्या काहींकडे परतफेडीचे तगादे गेले, तेव्हा तोही स्वर्ग नव्हे. मुद्दा वेगळा आहे. चित्रकार, वादक, अनुवादक ह्यांना ती मदत कलावंत म्हणून मिळाली नव्हती. कमाई थांबलेला व्यावसायिक म्हणून मिळाली होती. चित्र बरे काढता का, असे कोणी विचारले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या काही कलासंस्थांनी एकत्र येऊन कलावंतांना पाच हजार डॉलरची अनुदाने दिली. तिथे मात्र अर्जदार कलावंत असल्याचे पाहिले जाई. आकडा तिन्हीकडे पाचच हजारांचा, चलन वेगळे आणि प्रश्न वेगळा. आमच्या मते संकटातली मदत बर्लिनच्या वाटेने जावी. ज्याचे काम बंद पडले त्याला ती मिळावी. गुणवत्तेचा सन्मान करायला पुरस्कार आहेतच.

ह्यावर एक रास्त हरकत येईल. कामगार म्हणून मोजायचे तर नोंद हवी, आणि ह्या मंडळींची नोंद असते कुठे? खरे तर असते, फक्त आपण तिला कागद मानत नाही. फडमालकाची उचलीची वही असते. तीत कोणाला किती रक्कम, कोणत्या तारखेला दिली, ते बारीकसारीक लिहिलेले असते. बँडमास्तरची लग्नांच्या तारखांची डायरी असते. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे तारखांचे रजिस्टर आणि निर्मात्याकडे रात्रीच्या नाइटचा हिशेब असतो. कात्रणापेक्षा ही साधने कितीतरी प्रामाणिक, कारण ती प्रसिद्धीसाठी लिहिलेली नसतात. आमच्या ढोलकीवाल्यांचे नाव अशा दोन वह्यांत होते. वही जोडता येईल का, हे विचारायला ते गेले आणि मान हलवून परत आले.

नोंद नाहीच अशीही माणसे आहेत, हे कबूल केले पाहिजे. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे आमच्यापासून रिक्षेच्या अंतरावर. तिथल्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. तिच्यावाचून विधी पुरा होत नाही. एप्रिल 2021 मध्ये लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा उरली, तेव्हा त्या पंचविसांत तिला धरायचे की नवऱ्याच्या मामाला, हा घरोघरचा पेच झाला असेल. तिला स्वतःला कलावंत म्हणवून घेण्याची सवय नाही, मग ती अर्ज काय करणार? लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी अशा स्त्रियांची गाणी उतरवून घेतली आहेत, त्यांवर प्रबंध झाले आहेत. त्या प्रबंधांच्या परिशिष्टांत गाणाऱ्यांची नावे आणि गावे असतात. साथीच्या दोन वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी ते परिशिष्ट उघडून एखाद्या गावी दूरध्वनी केला? आम्ही केला नाही.

मराठी रंगभूमी दुसऱ्यांच्या मदतीसाठी नेहमी उभी राहिली आहे, ह्याचे दाखले आपण मोठ्या अभिमानाने देतो. 8 जुलै 1921 रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ह्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले, ते तर आपल्या पाठ्यपुस्तकी स्मरणात पक्के बसले आहे. महापूर, युद्ध, भूकंप, काहीही असो, मदतीचा खेळ लावायचा आणि गल्ला द्यायचा. ह्या साथीत पहिल्यांदा असे झाले की गरज खेळ करणाऱ्यालाच होती आणि खेळच लावता येत नव्हता. नाटकवाल्यांनी आपापसांत जमेल ते केले. प्रशांत दामले ह्यांनी आपल्या पडद्यामागच्या सहकाऱ्यांना स्वतःच्या खिशातून पैसे दिले, तसे इतरही काहींनी दिले. पण 5 नोव्हेंबर 2020 पासून निम्म्या आसनांवर नाट्यगृहे उघडली, तेव्हा भाईंदरहून निघणाऱ्या रंगमंच-कामगाराला लोकल मात्र बंदच होती. सर्वांसाठी ती 1 फेब्रुवारी 2021 ला, तीही ठरावीक वेळांत, सुरू झाली. म्हणजे नाटक होते आणि ते उभे करणारा माणूस खाडीच्या अलीकडे अडकलेला. कोणत्याही अर्जात ह्यासाठी रकाना नव्हता.

कांताबाई सातारकर 25 मे 2021 रोजी संगमनेरला कोरोनाने गेल्या. त्यांच्यावर लेख आले, आम्हीही ते वर्गात वाचून दाखवले, अर्थात पडद्यावर. तासाच्या शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, त्यांच्या फडातल्या बाकीच्या लोकांचे आता काय चालले आहे? आम्हांला माहीत नव्हते. वेळ संपली होती, आणि आम्ही पुढच्या तासाची जोडणी पाठवली.

मीरा-भाईंदरला आता लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. ढोलकीवाले अधूनमधून तिथेही वाजवतात आणि दादरची गाडी वाचते म्हणून खूश असतात. प्रयोग संपला की ते व्यवस्थापकाकडून एका चिठ्ठीवर तारीख, कार्यक्रमाचे नाव आणि आपले नाव लिहून सही घेतात. पिशवीत आता कात्रणांच्या शेजारी ह्या चिठ्ठ्यांचे पुडके आहे.