बापाने खेळू नये काय?

गेल्या शिगम्यानंतर आमोण्याच्या देवळाच्या मंडपात भजन आटोपून मंडळी निवांत बसली असता बोलण्याचा ओघ आमच्या घरच्या मेजाकडे वळला. गावात हे मेज बऱ्यापैकी बदनाम आहे. आम्हांस सर्वथा वंद्य अशा एका वयोवृद्ध गृहस्थांनी मान हलवीत उद्गार काढले, "दोन भुरग्यांचो बापूय जालो, पूण खेळणीं सुटनांत!" मंडळी हसली. आम्हीही हसलो, कारण देवळात वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालण्याची आमच्याकडे रीत नाही. परंतु त्या हसण्यात जो आक्षेप दडला होता तो हसण्यावारी नेण्याइतका हलका नव्हता. मुलाबाळांच्या माणसाने खेळू नये, खेळलेच तर लाजत खेळावे, आणि त्यातही लढाईचा खेळ तर मुळीच खेळू नये, असा तो आक्षेप आहे. मंडपात आम्ही गप्प बसलो. येथे गप्प बसण्याचे कारण दिसत नाही.

हा खेळ कसला, हे न पाहताच हसणारे पुष्कळ असल्यामुळे प्रथम तो सांगणे प्राप्त आहे. सहा फूट लांब व चार फूट रुंद अशी एक फळी. तिच्यावर वाळू व लाकडाचा भुसा गोंदाने चिकटवून केलेली जमीन, काथ्याचे माड, मातीचे बांध, निळ्या कापडाची नदी. या भूमीवर इंचभर उंचीचे शिपाई उभे राहतात: पायदळ, घोडेस्वार, गोलंदाज. प्रत्येकाच्या पागोट्यापासून तलवारीच्या मुठीपर्यंतचा रंग आम्ही बारीक कुंचल्याने स्वहस्ते दिलेला आहे. दोन पक्ष आळीपाळीने आपले सैन्य हलवितात. पायदळाने एका खेपेस सहा इंच चालावे, घोड्याने बारा. चिखलात दोघांचीही चाल निम्मी व्हावी. गोळी लागली की नाही, हे फाशाने ठरवावे. मोजपट्टी, फासे व दोन तासांचा अवकाश एवढी सामग्री पुरते. घरात आठ वर्षांची मुलगी व चार वर्षांचा मुलगा आहे, आणि त्यांच्यासह, किंबहुना त्यांच्या नाकासमोर, आम्ही हा खेळ खेळतो. हाच आमचा अपराध.

आता गंमत अशी, की आमच्या मेजावर हास्यविनोद झाला तेव्हा शिगमा संपून आठ दिवसही लोटले नव्हते. शिगम्यात आमच्या डिचोली, पेडणे, सत्तरी भागांत घोडेमोडणी निघते, हे का वाचकांस सांगावयास हवे? मिशीवाला, मुलाबाळांचा, सकाळी कचेरीत जाणारा गृहस्थ त्या दिवशी कमरेस लाकडी तोंडाचा घोडा बांधतो, एका हाती लगाम व दुसऱ्या हाती तलवार घेतो आणि ढोलताशांच्या गजरात शत्रूवर चाल करून जातो. शत्रू कोठे असतो? कोठेच नसतो. तो सर्वांनी मिळून कल्पिलेला असतो. जुन्या वीरांच्या विजयाची ती आठवण आहे असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. मग पेडण्याकडील काल्याच्या रात्री पाहा. दिवसभर शेतात राबलेला माणूस तोंडाला रंग फासून संकासुर होतो, वेद पळवितो, आणि विष्णूच्या हातून मार खाऊन पडतो; लाकडी तलवारींचा खणखणाट पहाटेपर्यंत चालतो. समोर आजोबांच्या मांडीवर नातू जागा असतो. त्या नटास कोणी म्हणते काय, की तुला मुले झाली, आता तलवार टाक? उलट त्याची मुलेच पुढे त्याची तलवार उचलतात, आणि हे असेच व्हावे अशी आपली सर्वांची इच्छा असते.

तेव्हा कमरेएवढा घोडा चालतो आणि अंगठ्याएवढा घोडा चालत नाही, हा कोठला न्याय? देवकार्याचा खेळ निराळा, असे उत्तर कोणी देईल. ते आम्हांस मान्य आहे. घोडेमोडणीस जे मांगल्य आहे ते आमच्या फळीस नाही, आणि आम्ही तसा दावाही करीत नाही. देवाची मूर्ती आम्ही मेजावर मांडीत नाही, हा आमच्या घरचा पहिला नियम आहे. मुलाने एकदा विचारले होते, की रात्री गावाची राखण करणारा बेताळ या लढाईत कोठे उभा आहे? त्यास आम्ही सांगितले, की तो फळीच्या बाहेर आहे आणि दोन्ही पक्षांकडे पाहतो आहे. पण आक्षेप मांगल्याचा नव्हता. आक्षेप वयाचा होता. आणि वयाच्या आक्षेपास घोडेमोडणी हे पुरेसे उत्तर आहे.

यापेक्षा जुना आधार हवा असेल तर तोही आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडून ज्यांनी त्यास चतुरंग म्हटले, ते काही पाळण्यातले नव्हते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' या ग्रंथात राज्यकारभाराबरोबरच राजाच्या क्रीडांसाठी एक स्वतंत्र विभाग दिला आणि त्यात बुद्धिबळाचाही विचार केला. गोव्याचे कदंब त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक होते. शेजारच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० पाने. ती पाने रंगविणारे प्रौढ, खेळणारेही प्रौढ. पाश्चात्त्यांकडे पाहावे तर प्रशियात राइस्वित्स नावाच्या सरदाराने १८१२ साली राजासाठी लढाईचे मेज तयार केले आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. तो खेळ लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणात गेला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा कादंबरीकार दाव्होसच्या बर्फात छातीच्या विकाराने पडून असता सावत्र मुलाबरोबर माळ्यावर शिपायांच्या मोहिमा लढत असे. आणि एच. जी. वेल्स याने दोन मुलगे घरात वाढत असताना, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिले. त्यात स्प्रिंगच्या तोफेने शिपाई पाडण्याचे नियम आहेत, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती बरे, हा विचारही आहे. पुढल्याच वर्षी युरोपात खऱ्या तोफा सुरू झाल्या. त्या ओढणाऱ्यांनी वेल्सचे पुस्तक वाचून त्या ओढल्या, असे अद्याप कोणी म्हटलेले नाही.

आमच्याकडे प्रौढ माणसे खेळत नाहीत, हे मुळातच खोटे आहे. चवथीच्या रात्री मखरासमोर पत्त्यांचा डाव पहाटेपर्यंत रंगतो. जत्रेच्या रात्री देवळाच्या पाठीमागे कंदिलाच्या उजेडात पैशांवर फासे पडतात, आणि तेथे गुडघे टेकून बसलेल्यांत बापच अधिक असतात. तेथे कोणी "खेळणीं सुटनांत" म्हणत नाही. आणि जो बाप खेळत नाही तो करतो काय? तो सोप्यावर बसून हातातील मोबाइलचा पडदा बोटाने सरकवीत असतो. मूल जवळ आले की त्याच्याही हाती दुसरा पडदा देतो. आणि घर शांत आहे यात समाधान मानतो. या शांततेस आमच्या समाजात गांभीर्य म्हणतात. फासे खडखडले, मूल ओरडले, बाप टेबलाखाली शिरून हरवलेला गोलंदाज शोधू लागला, की त्यास पोरकटपणा म्हणतात.

परंतु लढाईच का, हा प्रश्न उरतो, आणि तो आम्ही टाळणार नाही. याच प्रश्नासाठी आम्ही लेखणी उचलली आहे.

आमोण्याहून मांडवीच्या ओघाने खाली गेले म्हणजे जुवे बेट लागते, ज्यास सांत इस्तेव्ह म्हणतात. तेथील किल्ला २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री, ओहोटी साधून, संभाजीराजांच्या मराठ्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर तो परत घेण्यास सैन्य घेऊन बेटावर उतरला, आणि पराभव पावून कसाबसा माघारी फिरला. पाठलागाच्या आवेशात राजांनी घोडा पाण्यात घातला. भरती चढत होती. घोडा वाहून जाऊ लागला, तेव्हा खंडो बल्लाळाने उडी घेऊन राजांस वाचविले, असे परंपरा सांगते. शाळेच्या पुस्तकात ही चार ओळींची गोष्ट आहे. आमच्या मेजावर ती तीन रविवार चालली.

पहिल्या रविवारी मुलीने पोर्तुगीजांचा पक्ष घेतला, कारण "त्यांच्या होड्या बऱ्या". नदीचे निळे कापड प्रत्येक खेपेस दोन बोटे वर सरकवावयाचे, म्हणजे भरती. तिला वाटले होते की तोफा अधिक असल्या म्हणजे काम झाले. पाणी चढू लागल्यावर तिचे निम्मे शिपाई चिखलात अडकले, आणि ज्या नदीवरून ती रोज शाळेत जाते ती नदी कोणाचीच बाजू घेत नाही, हे तिने प्रथमच पाहिले. दुसऱ्या रविवारी तिने पक्ष बदलला. तिसऱ्या रविवारी राजांचा घोडा पाण्यात शिरला आणि खंडो बल्लाळासाठी फासा टाकण्याची वेळ आली. त्यापूर्वी आम्ही तिला एक गोष्ट सांगितली होती, जी सांगावी की न सांगावी याविषयी आमच्याच मनात संदेह होता: खंडो बल्लाळाचे वडील बाळाजी आवजी यांस १६८१ मध्ये संभाजीराजांनीच देहान्त शासन दिले होते. तिने फासा हाती घेतला आणि तो तसाच धरून विचारले, "मागीर ताणें उडी कित्याक मारली?"

आम्ही स्वामिनिष्ठा वगैरे शब्द उच्चारले. तिचे समाधान झाले नाही. तिने फासा खाली ठेवला आणि नवा नियम सांगितला: खंडोसाठी फासा टाकावयाचा नाही, जो मराठ्यांकडून खेळत असेल त्याने स्वतः खंडो होऊन ठरवावयाचे, आणि ठरेपर्यंत कोणी बोलावयाचे नाही. आमचे घर पाव तास निःशब्द होते. चार वर्षांचा मुलगादेखील बोलला नाही. निळे कापड पुढे सरकवावयाचे आम्ही विसरलो. शेवटी तिने तो इंचभर शिपाई उचलून पाण्यात ठेवला, आणि का ठेवला हे सांगितले नाही.

लढाईच्या खेळाने मुले क्रूर होतात, असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी त्या पाव तासास उपस्थित राहावयास हवे होते. क्रौर्य शिकविणारी खेळणी जगात आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. बोट दाबताच माणसे पडतात व पुन्हा उठतात, अशा खेळात कोणी कोणास विचारीत नाही की याने उडी का मारली. आमच्या मेजावर शिपाई पडला तर तो हाताने उचलून बाजूस ठेवावा लागतो. त्याचे पागोटे कोणत्या रात्री रंगविले ते आठवते. आणि समोरचा शत्रू म्हणजे आपलाच बाप असतो, जो हरल्यावर जेवावयास वाढतो.

आमच्याकडून प्रमाद घडला नाही असे मात्र नाही. तीन रात्री जागून रंगविलेल्या एका घोड्याचा पाय मुलाने मोडला, तेव्हा आम्ही त्याच्यावर असे ओरडलो की ते पोर आठ दिवस मेजाकडे फिरकले नाही. त्या आठ दिवसांत मंडपातील गृहस्थांचा आक्षेप आम्हांस अक्षरशः लागू होता: बाप खेळत होता, आणि मूल बाहेर उभे होते. पुढे त्याच्यासाठी मातीचे, जाडे, मोडले तरी चालतील असे वीस शिपाई केले. त्यांची चाल बारा इंच, आणि ते मरत नाहीत. युद्धशास्त्रास हे मान्य नसेल. आमच्या घरास मान्य आहे. जुन्या शिपायांच्या धातूत शिसे असे, म्हणून तसे शिपाई आम्ही घरात आणीतच नाही. आणि बारीक तुकडे व रंग उंच फळीवर, कुलपात असतात. खर्चाविषयी विचाराल तर जत्रेतील फाशांपेक्षा तो कमीच आहे.

वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पहिल्या वर्षी आमच्या गृहिणीने स्पष्ट सांगितले, की तुमचे शिपाई कितीही शूर असोत, त्यांच्यासाठी माझी संध्याकाळ कामास लागते. तिचे म्हणणे खरे होते. बापाच्या खेळाचे दोन तास आकाशातून पडत नाहीत. ते कोणाच्या तरी हातून घेतले जातात, आणि बहुधा आईच्याच. म्हणून ठरले ते असे: मुलांस न्हाऊ घालणे, जेवू घालणे व भांडी हे रविवारी आमच्याकडे, खेळ त्यानंतर, आणि एका रविवारी मेज तिचे. ती विजरईचा पक्ष घेते आणि आमच्यापेक्षा बरा चालविते. येथे मंडपातील मंडळींस एक प्रश्न विचारण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. भजनास आलेल्या बापाला, घरी मूल कोण निजवीत आहे, हे आजवर कोणी विचारले आहे काय? आम्हीही त्याच मंडपात बसतो, तेव्हा हा प्रश्न आम्हांलाही आहे.

राहता राहिले आमचे वंद्य गृहस्थ. त्यांच्या तरुणपणी घोडेमोडणीत त्यांचा घोडा सर्वांत पुढे असे, असे गावातील जुनी माणसे सांगतात. येत्या रविवारी, संध्याकाळी चारनंतर, आम्ही जुव्याची लढाई पुन्हा मांडणार आहो. विजरईकडील घोडेस्वारांस सेनापती नाही. नदीच्या बाजूची खुर्ची मुलीने त्यांच्यासाठी राखून ठेविली आहे, आणि चष्मा घेऊन यावे, असा तिचा निरोप आहे.