*औषध शेवटी, आधी पाणी*



आजचा सल्ला भाताचा नाही, माशांचा आहे. वलगण सुरू झाली की आपल्या महाड-पोलादपुरात पोरं वहाळातले मासे आणून काचेच्या टाकीत सोडतात. आठ-दहा दिवसांत मासे मलूल होतात. मग फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न, "सर, कुठलं औषध टाकू?"

माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळा औषध लागतच नाही. आजारी मासा नसतो, पाणी असतं.

कारण तुम्हाला शेतातूनच कळेल. युरिया टाकला की जमिनीतले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. टाकीतही तेच चालतं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. नव्या टाकीत ते जिवाणू वाढायला महिनाभर लागतो. तोवर अमोनिया साचतो आणि मासा गुदमरतो. त्यात जंतुनाशक औषध ओतलं तर हे कामाचे जिवाणूही मरतात. म्हणजे आजार राहिला बाजूला, पाणी अजून बिघडलं.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्याने निळं औषध टाकलं आणि मासे वाचले. खरं असेल. पण त्याने औषधाबरोबर अर्धं पाणीही बदललं होतं का, ते विचारा.

*आधी हे बघा*

▪️ सगळे मासे एकदम, पहाटे वर येऊन तोंड मारतायत? प्राणवायू कमी किंवा पाणी खराब. एक-एक करून, काही दिवसांच्या अंतराने पडतायत? मग आजाराचा संशय घ्या.

▪️ कल्ले लालभडक हवेत. तपकिरी दिसले तर नायट्राइट वाढलंय.

▪️ अंगावर, परांवर रव्यासारखे पांढरे ठिपके आणि मासा दगडाला अंग घासतोय, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे परजीवी.

▪️ पण पावसाळ्यात मळ्यासारख्या माशांच्या फक्त तोंडावर टणक पांढरे दाणे दिसले तर घाबरू नका. तो विणीचा हंगाम आहे, रोग नाही. यावर औषध टाकणं म्हणजे भात फुलोऱ्यावर आलं म्हणून फवारणी करणं.

*मग हे करा*

रोज चौथा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून वापरा, क्लोरीन उडून जातो. खाद्य दोन दिवस बंद. एअर पंप चालू ठेवा, कारण वाहत्या वहाळाच्या माशाला साचलेलं पाणी झेपत नाही. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात खंगाळा.

पांढरे ठिपके खरेच असतील तर १० लिटर पाण्याला २० ग्रॅम जाडं मीठ, तेही दोन दिवसांत थोडं-थोडं करून. बिनखवल्याच्या माशांना निम्मं. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाला दाद देत नाही, बाहेर पाण्यात सुटला की मरतो. म्हणून एका दिवसात ठिपके गेले नाहीत म्हणून दुसरं औषध आणू नका. किमान दोन आठवडे धीर धरा. पाणी बदलाल तेवढ्या पाण्यापुरतं मीठ परत घाला. नवा मासा आणला तरी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

*शेततळ्याचं वेगळं आहे*

पावसानंतर, थंडी पडताना मरळीच्या आणि खवलीच्या अंगावर लाल जखमा दिसल्या तर तो व्रणाचा बुरशीजन्य रोग असू शकतो. १९८८ मध्ये तो ईशान्य भारतातून देशात शिरला. आपली तांबडी माती आम्लधर्मी, पाणी मऊ. अशा पाण्यात तो फोफावतो. म्हणून पाण्याचा सामू तपासून चुना देणं हाच मुख्य उपाय. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानसारखी प्रतिजैविकं खाण्याच्या माशांना देणं कायद्याने बंद आहे. कुणी दुकानदार देत असेल तरी घेऊ नका.

*शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं*

आजारी मासा "मरण्यापेक्षा सुटू दे" म्हणून वहाळात सोडू नका. औषधाचं पाणीही तिकडे ओतू नका. आपले वहाळ सावित्रीला आणि काळ नदीला मिळतात. त्याच काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचे म्हणून तिथल्या महासीर माशांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी हात लावला नाही. जाळं न टाकण्याचा नियम आपल्या आजोबांनी पाळला. घरच्या टाकीतला रोग नदीत न सोडण्याचा नियम आपण पाळायला हवा. टाकीतले चार मासे गेले तर पुढच्या पावसात परत मिळतील. नदीत रोग गेला तर तो परत काढता येत नाही.

ते पाणी नदी-विहिरीपासून लांब, कोरड्या जागी जिरवा. मिठाचं असेल तर झाडापासूनही दूर. मेलेला मासा चुना टाकून पुरा.

प्रश्न विचारताना नुसता माशाचा फोटो नको. टाकी किती दिवसांची, पाणी कुठलं, शेवटचं कधी बदललं, किती मासे, कल्ल्यांचा रंग, एवढं लिहा. त्यापुढचं लागलं तर रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा रत्नागिरीच्या शिरगाव मत्स्य महाविद्यालयात विचारू.

आपला,
कृषी सल्लागार