एम.एड.चे विशेषीकरण : निवड कोणाची?

शिक्षकांचे शिक्षक घडवावेत, हा एम.एड. या पदवीचा मूळ हेतू. मुंबई विद्यापीठाने १९३६ साली ती देशात प्रथम सुरू केली. पुढे बराच काळ ती एका वर्षाची होती. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी तिचा कालावधी दोन वर्षांचा केला आणि विशेषीकरणाला अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. विद्यार्थ्याने प्रथम स्तर ठरवावा, म्हणजे आठवीपर्यंतचे प्रारंभिक शिक्षण की सहावी ते बारावीचे माध्यमिक शिक्षण. आणि मग त्या स्तराच्या पोटात एखादी शाखा घ्यावी : अभ्यासक्रम व मूल्यमापन, धोरण व नियोजन, व्यवस्थापन व प्रशासन, शैक्षणिक तंत्रविज्ञान, विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण इत्यादी. कागदावर ही रचना देखणी आहे. प्रश्न असा, की दोन वर्षांची फी भरणाऱ्या आणि अनेकदा बिनपगारी रजा घेऊन येणाऱ्या शिक्षकाला या निवडीतून नेमके काय मिळते?

नोकरीच्या नियमांकडे पाहिले तर उत्तर निराशाजनक येते. बी.एड. महाविद्यालयात अध्यापनपद्धतीचा विषय शिकवावयाचा असेल तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्ही किमान ५५ टक्के गुणांनी, असे परिषदेचे निकष सांगतात. एम.एड.ची शाखा कोणती, हे तेथे कोणी विचारत नाही. गणितातील एम.एस्सी. झालेल्या उमेदवाराने एम.एड.ला व्यवस्थापन घेतले होते की तंत्रविज्ञान, याने त्याच्या पात्रतेत काडीचाही फरक पडत नाही. उलट केवळ बी.ए., बी.एड. आणि एम.एड. एवढ्याच पदव्या असलेला उमेदवार, त्याची शाखा कितीही आधुनिक असो, त्या दारातून आत जाऊ शकत नाही. ‘नेट’ परीक्षेतही शिक्षणशास्त्राची प्रश्नपत्रिका सर्व शाखांना एकच. तेव्हा अध्यापक महाविद्यालयाची वाट धरू पाहणाऱ्याने विशेषीकरणाची चिंता करण्याआधी विषयातील एम.ए. वा एम.एस्सी.ची चिंता करणे अधिक शहाणपणाचे.

व्यवस्थापन व प्रशासन या शाखेमागे तर एक जुनाच गैरसमज उभा आहे. ही शाखा घेतली की मुख्याध्यापकाची खुर्ची जवळ येते, अशी समजूत शिक्षकांच्या खोलीत रुजलेली असते. महाराष्ट्रातील खाजगी शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी ती प्रशिक्षित पदवीधराची पात्रता आणि किमान पाच वर्षांचा अनुभव मागते, आणि अशा पात्र शिक्षकांतून सेवाज्येष्ठ शिक्षकाला पुढे करते. एम.एड.चे प्रमाणपत्र सेवाज्येष्ठतेच्या यादीत कोणालाही एक पायरी वर चढवीत नाही. शाळेचा कारभार कसा चालतो हे समजून घेण्याची ओढ असेल तर ही शाखा जरूर घ्यावी. खुर्चीसाठी घेऊ नये.

एका शाखेच्या बाबतीत मात्र निवडीला कायद्याचे वजन आहे, आणि नेमका तेथेच गोंधळ सर्वाधिक आहे. दिव्यांग मुलांना शिकविण्याचा व्यवसाय १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशी बांधलेला आहे. सर्वसाधारण एम.एड.मध्ये समावेशक शिक्षणाचे दोन-तीन पेपर घेऊन ही नोंदणी मिळत नाही. त्यासाठी त्या परिषदेने मान्य केलेल्या विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा रस्ता वेगळा आहे, आणि तो बहुतेकांना बी.एड.च्याच वळणावर धरावा लागतो. या क्षेत्राची निकड वाढते आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण लागू केले. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली राज्यांना पदे निश्चित करून जाहीर करण्यासही बजावले. ही बातमी वाचून सर्वसाधारण एम.एड.ची समावेशक शाखा घेणारा शिक्षक त्या पदांसाठी पात्र ठरेल असे समजत असेल, तर त्याची समजूत प्रवेश घेण्यापूर्वीच दूर व्हावयास हवी. ते काम महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांचे आहे.

मग इतर शाखांची निवड निरर्थक म्हणावी काय? तसे नाही. पदवीच्या बाजारभावात तिला किंमत नसली, तरी लघुशोधप्रबंधात आहे. दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातचे म्हणावे असे तेवढेच एक काम असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक पाहतो, की चौथीची मुले हातच्याच्या वजाबाकीत दरवर्षी एकाच ठिकाणी अडतात. सातपुड्यातील शिक्षकासमोरची मुले घरी पावरी बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. हे दोन्ही प्रश्न प्रारंभिक स्तराचे आणि अभ्यासक्रम व मूल्यमापनाच्या शाखेचे आहेत. पटावरची मुले आठवीनंतर कोठे जातात, हा प्रश्न पडलेल्याने नियोजन घ्यावे. शाळागळतीचे आकडे हे धोरणाचे साहित्य आहे, हे ज्यांनी या देशाला शिकविले त्या जे. पी. नाईकांचा वारसा महाराष्ट्राच्या दाराशी आहे. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते आणि त्यांनी उभारलेली भारतीय शिक्षण संस्था पुण्यात आहे. असे प्रश्न बाजूला ठेवून ‘माध्यमिक शिक्षकांचा अमुक विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन : एक अभ्यास’ या साच्यात प्रश्नावल्या भरवून घेतल्या, की शाखा कोणतीही असो, प्रबंध एकच होतो. ग्रंथालयाच्या फडताळात असे प्रबंध पुष्कळ आहेत.

पण प्रश्न विद्यार्थ्याजवळ असला तरी मार्गदर्शक हवा. परिषदेच्या निकषांनुसार पन्नास विद्यार्थ्यांच्या तुकडीसाठी दहा अध्यापक लागतात : दोन प्राध्यापक, दोन सहयोगी आणि सहा सहायक. दोन स्तर, प्रत्येकात चार-पाच शाखा, शिवाय शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संशोधनपद्धती हे सर्वांसाठीचे विषय. एवढा पसारा दहा जणांत बसवितानाच दमछाक होते. त्यांतील तीन-चार पदे रिकामी असली की निवडीचे नाटक उरते आणि हजर असलेल्या अध्यापकाची शाखा हीच विद्यार्थ्याची ‘आवड’ ठरते. प्रवेशार्थीने शाखांची छापील यादी वाचण्याऐवजी गेल्या तीन वर्षांतील लघुशोधप्रबंधांची नोंदवही पाहावी. कोणत्या विषयावर कोणी मार्गदर्शन केले, हे तिच्या दोन पानांत कळते.

आता काळ पुन्हा उलटा फिरू पाहत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षाच्या एम.एड.ला वाट दिली आणि परिषदेच्या २०२५ च्या मसुद्यात पूर्णवेळ एम.एड. एका वर्षाची मांडली गेली. दोन वर्षांत न मावणारे विशेषीकरण एका वर्षात कसे मावणार, याचे उत्तर परिषदेने द्यावयाचे आहे. त्याच मसुद्यात नोकरीतील शिक्षकांसाठी दोन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाचीही कल्पना आहे. ती टिकली, तर शिक्षकाची बिनपगारी रजा वाचेल. आणि ज्या वर्गातून त्याला प्रबंधाचा प्रश्न सापडला, तो वर्गही त्या दोन वर्षांत त्याच्यापासून तुटणार नाही.