राइड कशाने रद्द व्हावी?

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटताना आपल्या सायकल ग्रुपमधलं कोणीतरी म्हणालं, "आता मेपर्यंत राइडचं नाव नको. इथल्या सिॲटलच्या हवेचा काही भरवसा नाही." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मुलगी शेजारीच उभी होती. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "आई, मला तुमच्याबरोबर यायला आवडतं. पण तुमची राइड आहे की नाही हे रविवारी सकाळी उठल्यावरच कळतं. मग मी गजर कशाला लावू?"

मला त्या कार्यक्रमातल्या वाक्याचा राग आला होता, पण मुलीच्या प्रश्नाने त्या रागाला दिशा मिळाली. हवा बेभरवशाची आहे हे खरंच आहे. पण तिला रविवारी झोपून राहावंसं वाटतं ते हवेमुळे नाही, आपल्यामुळे. मंडळाच्या पाडव्याच्या अंकात, दिवस मोठे होत असताना, हिवाळ्याचा विषय काढते आहे तो मुद्दामच. हिवाळ्याचे नियम ऊन असताना ठरवावे लागतात. शनिवारी रात्री दहा वाजता ते ठरत नाहीत.

शनिवारची रात्र आपल्याकडे कशी जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पोल येतो. जेवणं होईपर्यंत दहा जणांचा होकार असतो. मग पहिला स्क्रीनशॉट पडतो, रविवारी पाऊस ४० टक्के. त्याखाली दुसऱ्या ॲपचा, ७० टक्के. तिसऱ्याचं ॲप सांगतं की अकरानंतर उघडेल. कोणीतरी लिहितं, "सकाळी बघू." त्या "बघू"नंतर एकेक नाव गळायला लागतं. झोपेपर्यंत तिघं उरतात, आणि तिघांसाठी कशाला म्हणून राइड रद्द होते. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आभाळ उघडून ऊन पडतं आणि सगळे हळहळतात. ज्याने टायरमध्ये हवा भरून, दिवे चार्ज करून, डबा बांधून ठेवलेला असतो त्याला कोणी विचारत नाही.

आधी त्या टक्क्यांबद्दल. ६० टक्के पाऊस म्हणजे सकाळभरातला ६० टक्के वेळ पाऊस नव्हे, आणि जोराचा पाऊसही नव्हे. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या अंदाजात त्याचा अर्थ एवढाच की दिलेल्या वेळात त्या भागातल्या कोणत्याही एका ठिकाणी निदान ०.०१ इंच पाऊस पडण्याची शक्यता ६० टक्के आहे. ०.०१ इंच म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्याने अंगणातली रांगोळीसुद्धा पुरती पुसली जाणार नाही. सिॲटलचा वर्षभराचा पाऊस साधारण ३९ इंच, म्हणजे सुमारे १००० मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून अधिक पडतो. इथला पाऊस दीडशेहून अधिक दिवसांवर पसरलेला, थोडा थोडा, आणि त्यातले बरेच दिवस नोव्हेंबर ते मार्चमधले. टक्क्यांकडे बघून राइड ठरवायची म्हटलं तर हिवाळ्यात इथे सायकल बाहेर निघायचीच नाही.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कसब्यातून रोज सायकलने जायचे. पावसाळ्यात अंगात डकबॅकचा रेनकोट, डब्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी, आणि निघायची वेळ तीच. कारखान्याचा भोंगा कोणाच्या छत्रीसाठी थांबत नव्हता. त्यांना पर्याय नव्हता आणि आपल्याला आहे, हे मला कळतं. तिथला पाऊस अंगाला गार लागत नाही आणि इथला ४५ फॅरनहाइटचा पाऊस बोटं बधिर करतो, हेही कळतं. पण त्यांच्या सायकलला पूर्ण मडगार्ड होतं, चेनला कव्हर होतं, डायनॅमोचा दिवा होता. आपल्यापैकी कित्येकांनी हजारो डॉलरची सायकल घेतली आहे आणि तिला मडगार्ड नाही. मग पाठीवर चिखलाची रेघ उठते आणि दोष पावसाला मिळतो. पुढच्या सायकलचं मडगार्ड मागच्याचं तोंड वाचवतं, म्हणून त्याला खाली लांब रबरी फ्लॅप लावायचा असतो. ग्रुपने चालवायचं तर ही एकमेकांसाठी करायची गोष्ट आहे.

घरातलंच सांगायचं तर मुलाच्या सॉकरचा सामना रिमझिम पावसात होतो. मैदान बंद असल्याचा निरोप आला किंवा वीज कडाडली तरच तो थांबतो. मुलांना हा नियम पाठ आहे, म्हणून शनिवारी सकाळी घरात चर्चाच होत नाही, बूट सापडत नाहीत एवढाच काय तो गोंधळ. माझ्या सासूबाई साताऱ्याहून येतात तेव्हा थंडीतही रोज साडेनऊला फिरायला निघतात. निघण्याआधी डेकच्या कठड्यावर बोट फिरवतात. कठडा ओला असेल तर छत्री घेऊन निघतात. पांढरा असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबतात. ओलं असेल तर जायचं, पांढरं असेल तर थांबायचं. फोनमध्ये पाच ॲप असलेल्या आम्हा लोकांना जे जमलं नाही ते त्यांनी एका बोटाने जमवलं आहे.

कारण इथल्या हिवाळ्यात सायकलवाल्याला खरा धोका पावसाचा नाही, निरभ्र रात्रीचा आहे. पावसाचा दिवस समुद्रावरून आलेल्या ढगांचा असतो, हवा ४५ ते ५० अंशांवर राहते, रस्ता ओला असतो पण गोठत नाही. आभाळ मोकळं झालं की रात्री जमिनीतली उष्णता निघून जाते. अंदाजातलं तापमान जमिनीपासून पाच-सहा फुटांवर मोजलेल्या हवेचं असतं. ते ३६ दाखवत असताना खाली रस्ता ३२ च्या खाली गेलेला असू शकतो. लाकडी पूल आणि रस्त्यावरचे पूल आधी गोठतात, कारण त्यांच्या खालूनही गार हवा वाहते. गार हवा जड असल्यामुळे ती सखल भागात साचते. एज्युकेशन हिलवरच्या घरात बसून जे तापमान दिसतं त्यापेक्षा समामिश नदीकाठचा ट्रेल अशा सकाळी सहज चार-पाच अंशांनी थंड असतो. वर आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी वळणावर साचलेलं असेल तर त्याचा ब्लॅक आइस होतो, आणि तो दिसत नाही. म्हणजे ज्या रविवारी ॲपवर सूर्याचं चित्र असतं आणि आपण सगळे उत्साहाने आठ वाजता मेरीमूर पार्कला जमतो, तीच सकाळ घसरण्याची असते. आपण पावसाला घाबरून घरी बसतो आणि दहिवर पडलेल्या सकाळी बाहेर निघतो. आपली भीतीच चुकीच्या जागी बसली आहे, आणि या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

दुसरा धोका वाऱ्याचा. नोव्हेंबर २०२४ च्या वादळानंतर ईस्टसाइडला झाडं पडून दिवसेंदिवस वीज नव्हती, ते आपण विसरलेलो नाही. पावसाने भिजून सैल झालेल्या जमिनीत उंच झाडाचं मूळ धरत नाही. म्हणून वाऱ्याचे झोत ताशी ३० मैलांवर जाणार असतील तर बर्क-गिलमन ट्रेलच्या झाडीतून जाऊ नये, आणि ५२० च्या पुलावरचा ट्रेल तर नकोच. पायनॅपल एक्सप्रेस म्हणतात तो पावसाचा लोंढा आला असेल आणि तासन् तास धो-धो कोसळत असेल तर अर्थातच घरी बसावं. तशा दिवशी पोलची गरजच नसते.

तिसरी गोष्ट धोक्याची नाही, सोयीची आहे. ऑलिंपिक पर्वताला अडून दुभंगलेला वारा पलीकडे प्युजेट साउंडवर पुन्हा एकत्र येतो, आणि जिथे येतो तिथे पावसाचा पट्टा तयार होतो. हा कन्व्हर्जन्स झोन बहुधा सिॲटलच्या उत्तर भागापासून एव्हरेटपर्यंत कुठेतरी बसतो. (समजून घ्यायचं असेल त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक क्लिफ मास यांचं पॅसिफिक नॉर्थवेस्टच्या हवामानावरचं २००८ सालचं पुस्तक जरूर वाचावं.) बॉथेलला पाऊस लागलेला असताना रेंटन कोरडं असतं, ते यामुळे. मग उत्तरेची राइड रद्द करण्याऐवजी दक्षिणेला सीडर रिव्हर ट्रेलवर जाता येतं. तारीख एक आणि मार्ग दोन असं आधीच जाहीर केलं की शनिवारी फक्त दिशा ठरवायची उरते. ती ठरवायला ॲपमधलं चित्र पुरत नाही. वेदर सर्व्हिसचं सिॲटलचं कार्यालय सँड पॉइंटला, आपल्या बर्क-गिलमनच्या जवळच आहे. तिथले हवामानतज्ज्ञ दिवसातून अनेकदा आपल्या अंदाजामागचा विचार साध्या परिच्छेदांत लिहून ठेवतात, खात्री किती आहे तेही सांगतात. ते वाचायला पाच मिनिटं लागतात.

इथल्या सायकल क्लबांच्या राइडच्या सूचनेत शेवटी एक ओळ असते: बर्फ किंवा दहिवर असल्यास रद्द, सर चालेल, सुरुवातीच्या वेळी सतत जोराचा पाऊस असल्यास रद्द. वाद संपला. बेनब्रिज बेटावरची चिली हिली राइड कित्येक दशकं भर फेब्रुवारीत होत आली, ३३ मैलांची. तिची तारीख महिनोन् महिने आधी जाहीर व्हायची आणि माणसं फेरीबोटीत सायकली घालून जायची. आपणही तशी ओळ लिहावी. रात्रीचं किमान तापमान ३६ किंवा खाली आणि आभाळ मोकळं, तर राइड साडेदहाला आणि पूल टाळून. झोत ३० च्या वर किंवा सतत धो-धो पाऊस, तर रद्द. बाकी सगळं चालू. निर्णय एकाच माणसाचा, सकाळी सात वाजता एकच निरोप, त्यावर मतदान नाही. जमतील तेवढ्या माणसांत राइड, दोनच आली तरी.

हिवाळ्यात माणसं कमी असलेलीच बरी. वीस जणांचा ग्रुप एका पंक्चरसाठी थांबला की घामाने आणि पावसाने भिजलेली वीस माणसं थंडीत उभी राहतात. चालवताना थंडी वाजत नाही, थांबल्यावर वाजते. आठ-दहा जणांचे दोन गट करावेत, प्रत्येकाच्या शेवटी एक जाणकार असावा, सुके हातमोजे पिशवीत जास्तीचे असावेत. परतीची वाटही ठरलेली असावी. २०२५ च्या मेपासून मेरीमूरला लाइट रेल आली आहे, बसच्या पुढे सायकलचा रॅक असतो. ज्याला पुढे जायचं नाही त्याने तसं सांगावं आणि कोणी त्याची समजूत काढत बसू नये. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दिवे दुपारच्या राइडलाही हवेत.

बोलायचं आणखी पुष्कळ होतं. सावकाश चालवणाऱ्या बायकांना मागे टाकून पुढे जाऊन फोटो काढणं, पोह्यांच्या नादात निघायला होणारा उशीर, महागड्या जॅकेटशिवाय येऊ नये असं नव्या माणसाला वाटायला लावणं. यातलं पहिलं तर स्वतंत्र लेखाचं आहे. तूर्त ते बाजूला ठेवते.

शेवटी मुलांबद्दल. आपण त्यांना सांगतो की शब्द दिला की पाळायचा. मराठी शाळेला पाऊस आहे म्हणून दांडी मारू देत नाही. गणपतीच्या तालमीला थंडीतापात आणून सोडतो. आणि आपल्या स्वतःच्या ठरलेल्या गोष्टी मात्र फोनवरच्या ढगाच्या चित्राने मोडतो. त्यांना हे दिसतं. सायकल शिकवताना आपण धरलेला हात त्यांना आठवणार नाही कदाचित, पण ठरवलेल्या वेळेला आई-बाबा दारात उभे असायचे हे आठवेल.

उपदेश फार झाला, मंडळी. ज्यांचा गुडघा दुखतो, ज्यांची मुलं लहान आहेत, ज्यांना थंडी बाधते, त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये. त्यांच्याबद्दल मी बोलतच नाही. पोल टाकणाऱ्यांचेही आभारच आहेत, त्यांच्यामुळे ग्रुप टिकून आहे. बोलण्यात धार आली असेल तर क्षमा करा, पण मुद्दा सोडू नका.

येत्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दर दुसऱ्या रविवारी राइड असावी आणि तिच्या तारखा दिवाळी अंकात छापाव्यात, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. सकाळी सातला निर्णय देण्याची जबाबदारी पहिल्या हिवाळ्यात मी घेते. माझ्या गैरहजेरीत ते काम करायला आणखी दोघं हवीत, आणि दोन्ही मार्ग सप्टेंबरातच एकदा चालवून बघायला चार जण. ज्यांना जमेल त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर आपलं नाव कळवावं. आणि तोवर मडगार्ड बसवून घ्यावं.