घटस्फोटाचा दावा आणि वकिलाची निवड

कष्टकऱ्यांच्या घरात काडीमोडाचा प्रश्न उभा राहिला की आपले कार्यकर्ते साधारणतः दोन गोष्टी करतात. एक तर नवरा-बायकोला शाखेच्या कचेरीत बोलावून समेट घडवू पाहतात, आणि त्या समेटाचे ओझे बहुधा बायकोच्याच माथी मारले जाते. ते साधले नाही तर युनियनचे दावे लढवणाऱ्या वकिलाच्या नावे चिठ्ठी लिहून देतात. पहिल्या प्रथेवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. दुसरी प्रथा सद्भावनेतून आली असली तरी ती संबंधित स्त्रीचे नुकसान करते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

बडतर्फी, ले-ऑफ आणि बोनस यांच्या दाव्यांत ज्याची हयात औद्योगिक न्यायालयात गेली, तो वकील कितीही निष्ठावान असला तरी पोटगीचा अंतरिम अर्ज केव्हा व कसा रेटायचा, मुलाच्या ताब्याबाबत कोणते पुरावे लागतात, हे त्याच्या रोजच्या कामाचे नसते. तो भिडेखातर वकीलपत्र घेतो आणि तारखेला कनिष्ठाला धाडतो. कनिष्ठ पुढची तारीख मागतो. त्या स्त्रीचा एक दिवसाचा रोज मात्र बुडतो.

म्हणून या कामाला वकील हवा तो कौटुंबिक दावे नित्य चालवणारा, आणि ज्या न्यायालयात दावा चालेल तेथेच रोज उभा राहणारा. मोठ्या शहरातील नामांकित वकिलाचे आकर्षण आपल्या लोकांतही आहे. पण तालुक्याच्या कोर्टात त्याचे येणे म्हणजे प्रवासखर्च, आणि न येणे म्हणजे तहकुबी. स्थानिक वकिलाला न्यायाधीशांची कामाची रीत ठाऊक असते, समन्स बजावणारा बेलिफ कोठे अडतो हे ठाऊक असते. या गोष्टी कायद्याच्या पुस्तकात नसतात, आणि पोटगी सहा महिन्यांत सुरू होते की तीन वर्षांत, हे पुष्कळदा त्यांवरच ठरते.

मात्र ‘स्थानिक’ म्हणजे कोठला, हे आधी ठरवावे लागते. समजा, धुळ्याकडची मुलगी सुरतेत यंत्रमागावर काम करणाऱ्याला दिली आहे आणि ती माहेरी परतली आहे. हिंदू विवाह कायद्यात 2003 साली झालेल्या दुरुस्तीमुळे पत्नीला ती जेथे राहते तेथेच अर्ज दाखल करता येतो. पूर्वी लग्न जेथे लागले, दोघे अखेरचे जेथे एकत्र राहिले किंवा नवरा जेथे राहतो, तेथे जावे लागे. पोटगीचा अर्ज, म्हणजे पूर्वीचे कलम 125 व 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, हाही धुळ्यातच करता येतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज तर ती तात्पुरती जेथे आसरा घेऊन असेल तेथेही चालतो. परंतु नवऱ्याने आधीच सुरतेत ‘नांदायला यावे’ असा दावा लावला असेल, तर तो आपोआप धुळ्यास येत नाही. दोन राज्यांमधील बदलीचा अर्ज दिल्लीस सर्वोच्च न्यायालयातच करावा लागतो. तोपर्यंत सुरतेत वकील द्यावाच लागतो, नाहीतर एकतर्फी निकाल होतो. समेटाच्या बैठकांत महिनोन् महिने घालवणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे: त्याच काळात दुसरी बाजू सोयीचे न्यायालय गाठते.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या सभासदांना यात आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्रात 1998 च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. इंदूरला हिंदीत, बडोद्याला गुजरातीत आणि बेळगावला कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत कागद तयार होतात. न कळणाऱ्या भाषेतील अर्जावर सही करण्यापूर्वी तो मराठीत वाचून घेण्याचा हक्क पक्षकाराला आहे, आणि वाचून न दाखवणारा वकील बदलावा. गोव्यात तर कायदाच निराळा. तेथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला असून, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. कोल्हापूरच्या निष्णात वकिलालाही तेथे गोव्यातील वकिलाच्या मागे उभे राहावे लागेल.

आता स्थानिक वकिलाची दुसरी बाजू. तालुक्याचे वकील मंडळ लहान असते. नवरा साखर कारखान्याच्या संचालकाचा पुतण्या असेल तर अर्धे मंडळ त्या कारखान्याच्या कामावर असते. अशा वेळी शेजारच्या तालुक्यातील, पण त्या कोर्टात नित्य येणारा वकील शोधावा. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांनी मिळून एकच वकील करण्याची रीत सर्वत्र पसरली आहे. तीत खर्च वाचतो हे खरे, पण पोटगीचा हक्क कोणत्या ओळीत सोडून दिला गेला हे बायकोला सांगायला कोणीच उरत नाही. याहून घातक म्हणजे मुद्रांक कागदावर नोटरीसमोर लिहून दिलेली सोडचिठ्ठी. ज्या जातीजमातीत काडीमोडाची रूढी आहे तेथे ती रूढी कायद्याने मानली आहे, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. इतरांसाठी तो कागद निरर्थक. त्याच्या भरवशावर दुसरे लग्न लावले तर ते रद्दबातल ठरते आणि वर द्विविवाहाचा गुन्हा पदरी पडतो. असे कागद करून देऊन पैसे घेणारे आजही भेटतात.

पैशाविषयी. मिळणाऱ्या पोटगीतून अमुक टक्के घेण्याचा करार वकिलाला व्यावसायिक नियमांनी निषिद्ध आहे. फी थकली म्हणून कागदपत्रे अडवून धरता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली म्हटले. तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक न्यायालयाची वाट मात्र 2024 च्या निकालाने बंद झाली आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली दाव्याचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो, आणि हा अर्ज पहिल्याच तारखेला का दिला नाही, असे वकिलाला विचारावे.

स्त्रीला विनामूल्य वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही मर्यादा नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याचे कलम 12 औद्योगिक कामगारालाही हा हक्क देते. तरीही आपल्या वस्त्यांत हे माहीत असणारे थोडे. घटनेत कलम 39 अ 1976 साली आले. त्याआधी 1973 साली ज्यांच्या समितीने या विषयावर अहवाल दिला ते कृष्ण अय्यर 1957 च्या केरळ मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. हा हक्क दयेने मिळालेला नाही, म्हणून तो मागताना संकोचू नये. तालुका समितीत अर्ज करावा अथवा 15100 वर दूरध्वनी करावा. नेमलेल्या वकिलाने वर पैसे मागितले तर ते नियमबाह्य आहे. या वकिलांना मानधन तुटपुंजे मिळते, त्यामुळे पुष्कळांचे लक्ष दुसरीकडे असते, हेही खरे. म्हणून अर्ज करून थांबू नये. वकील तारखांना येत नसेल तर दुसरा मागावा. आपल्या महिला आघाडीच्या एखाद्या सभासदाने प्रत्येक तारखेस सोबत बसावे.

कौटुंबिक न्यायालयांचा 1984 चा कायदा वकील हा हक्क म्हणून मान्य करीत नाही. न्यायालयाची परवानगी लागते. वकिलांच्या कचाट्यातून सामान्यांना सोडवावे हा हेतू उदात्त होता. परंतु एका बाजूला दुकानदार नवरा आणि दुसऱ्या बाजूला धुणीभांडी करणारी बायको असता दोघांना वकिलाविना समोरासमोर उभे करणे ही समता नव्हे. परवानगी मागावी, ती सहसा मिळते.

आणि युनियन काय करू शकते? पुष्कळ करू शकते. 2020 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि येथेच नवरे खोटे बोलतात. मूळ पगार दाखवतात, ओव्हरटाइम लपवतात. खात्यातल्या कामगारांना खरी मिळकत तोंडपाठ असते. मालकाकडून पगाराचा दाखला मागवण्याचा अर्ज वकिलाने करावा, आणि त्यात कोणकोणत्या रकमा विचाराव्यात ते युनियनच्या माहीतगार माणसाने त्याला सांगावे. नवरा आपल्या युनियनचा सभासद असेल तरीही सांगावे.